डेबियन सिड रोजच्या वापरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियनची स्टेबल आवृत्ती निदान काही महिने वापरलेल्या आणि टर्मिनलला न बिचकणाऱ्या वाचकासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. पॅकेजं बसवणाऱ्या, काढणाऱ्या किंवा बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेला रूटचे अधिकार लागतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘सूडो’ पुन्हा लिहिलेलं नाही.

सिड म्हणजे नेमकं काय?

डेबियनच्या तीन मुख्य शाखा असतात: स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल. पॅकेज सांभाळणारे स्वयंसेवक आपलं नवं काम सर्वांत आधी अनस्टेबलमध्ये टाकतात. तिथून ते टेस्टिंगमध्ये उतरतं आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगचंच नवं स्टेबल होतं. बुकवर्म जून २०२३ मध्ये आलं, ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये. स्टेबल आणि टेस्टिंगची टोपणनावं दर वेळी बदलतात. अनस्टेबलचं मात्र कायम एकच आहे, ‘सिड’. खेळणी मोडणाऱ्या एका कार्टून पोराचं हे नाव आहे.

‘अनस्टेबल’ म्हणजे संगणक सारखा बंद पडतो का?

नाही. शाखेतला मजकूर स्थिर नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवी पॅकेजं दिवसातून चार वेळा भांडारात येतात. सकाळी जे होतं ते संध्याकाळी तसंच असेल असं नाही. प्रोग्राम अचानक कोसळणं हा प्रकार तुलनेनं कमी. सिडवरच्या बहुतेक अडचणींचं मूळ वेगळंच असतं: एकत्र यायला हव्या असलेल्या दहा पॅकेजांपैकी सहा पोचलेली असतात आणि चार वाटेत असतात. तेवढ्या वेळात तुम्ही अपग्रेड केलंत तर गोंधळ होतो, सहा तासांनी केलंत तर काहीच होत नाही. हे एकदा लक्षात आलं की सिड वापरणं निम्मं सोपं होतं, कारण कधी थांबायचं ते कळू लागतं.

मग टेस्टिंग घेतलेलं बरं नाही का? ते सिडपेक्षा गाळलेलं असतं.

गाळलेलं असतं हे खरं. सिडमधलं पॅकेज टेस्टिंगमध्ये जायला काही अटी आहेत. ते ठरावीक दिवस सिडमध्ये मुरलं पाहिजे: तातडी ‘लो’ असेल तर १० दिवस, ‘मीडियम’ला ५, ‘हाय’ला २. सर्व अधिकृत आर्किटेक्चरांवर ते बिल्ड झालं पाहिजे, त्यात प्रकाशन अडवणारा नवा बग नसावा आणि त्याच्या येण्यानं टेस्टिंगमधलं दुसरं काही मोडू नये. स्वयंचलित चाचण्यांचे निकालही पाहिले जातात.

पण या गाळणीची दुसरी बाजू आहे. एखादी वाईट गोष्ट चाळणीतून सुटून टेस्टिंगमध्ये गेलीच, तर तिची दुरुस्तीही त्याच चाळणीतून यावी लागते. सिडमध्ये जे दोन दिवसांत सुटतं ते टेस्टिंगमध्ये, त्या पॅकेजाची एखादी डिपेंडन्सी अडकली असेल तर, आठवडे रेंगाळू शकतं. सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही हेच लागू आहे. शिवाय गंभीर बग न सुटलेली पॅकेजं टेस्टिंगमधून सरळ काढली जातात. तुमच्या यंत्रावर ती बसलेली राहतात, पण त्यांना अपडेट येणं थांबतं आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही. अशी अनाथ पॅकेजं ‘आप्ट लिस्ट’पुढे टिल्ड चिन्ह आणि ओ हे अक्षर जोडून दिलं की दिसतात. टेस्टिंगवाल्यांनी ही यादी महिन्यातून एकदा पाहावीच.

आमचं मत स्पष्ट आहे: दर आठवड्याला लक्ष देता येत असेल तर सिड, नसेल तर स्टेबल. टेस्टिंग हे प्रकाशनाच्या आधीच्या काही महिन्यांत, म्हणजे फ्रीज (नव्या बदलांवरची बंधनं) लागल्यावर, फार छान असतं.

सिड कोणी वापरू नये?

सर्व्हरसाठी नको. घरातल्या ज्या संगणकावर दुसरं कोणी अवलंबून आहे, त्यावर नको. एकच यंत्र असेल आणि उद्या सकाळी त्यावरच काम सादर करायचं असेल, तर त्या रात्री अपग्रेड नको.

एखादं-दुसरंच नवं सॉफ्टवेअर हवं असेल तरी सिडची गरज नसते. स्टेबलवर बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी पुन्हा बिल्ड केलेली नवी पॅकेजं) किंवा फ्लॅटपॅक वापरा. प्रोग्रामिंगसाठी नवा कंपायलर हवा असेल तर स्टेबलवरच ‘डेबूटस्ट्रॅप’नं एका फोल्डरात सिड उभारून सीएचरूटमध्ये (त्या फोल्डरालाच रूट मानणाऱ्या वेगळ्या जागेत) काम करता येतं, मुख्य यंत्रणेला धक्का लागत नाही.

सिड बसवायचं कसं?

सर्वांत भरवशाचा रस्ता स्टेबलमधून जातो. स्टेबलचा नेट-इन्स्टॉलर घ्या. ‘कोणतं सॉफ्टवेअर हवं’ या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून फक्त ‘स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज’ ठेवा. कारण साधं आहे: डेस्कटॉपसकट बसवलंत तर दीड-दोन हजार पॅकेजं आधी जुनी उतरवून मग नवी घ्यावी लागतात, नुसत्या गाभ्यात ती काहीशेच असतात. जितकी कमी पॅकेजं, तितक्या कमी जागी पेच पडतो.

डिस्कची वाटणी करताना रूटला निदान ४० जीबी द्या. बूटचं वेगळं विभाजन करणार असाल तर ते १ जीबी हवं. ५१२ एमबी ठेवलंत तर पुढे काय होतं ते खाली आलंच आहे.

पहिल्या बूटनंतर ‘ईटीसी’मधल्या ‘आप्ट’ फोल्डरात जा. जुन्या पद्धतीची एकओळी ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ असेल तर आप्ट ३.० पासून ‘आप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’ ही आज्ञा ती नव्या पद्धतीत बदलून देते. नव्या पद्धतीत ‘स्वीट्स’ या ओळीत एकच शब्द ठेवा, ‘सिड’. ‘कंपोनंट्स’मध्ये मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. यातला शेवटचा बुकवर्मपासून स्वतंत्र झाला आहे. तो राहून गेला तर वायफाय आणि ग्राफिक्सचं फर्मवेअर मिळत नाही. सिक्युरिटी, अपडेट्स आणि बॅकपोर्ट्सच्या नोंदी काढून टाका. सिडला त्या नसतात. सुरक्षेची दुरुस्तीही नेहमीच्याच वाटेनं, नवं पॅकेज म्हणून येते.

मग ‘आप्ट अपडेट’, त्यानंतर ‘आप्ट फुल-अपग्रेड’, मग रीबूट. नव्या कर्नलवर यंत्र नीट उठलं की ‘टास्कसेल’नं डेस्कटॉप बसवा.

अपग्रेड किती दिवसांनी आणि कसं करावं?

आठवड्यातून एकदा ठीक. रोज केलंत तर अर्धवट आलेल्या पॅकेजांशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. दोन-तीन महिने केलंच नाही तर एका वेळी इतकं बदलतं की काय मोडलं ते शोधणं जड जातं. डाउनलोड एरवी काहीशे एमबी असतं. लिब्रऑफिस, टेक्स लाइव्ह किंवा डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की ते १ जीबीच्या पुढे जाऊ शकतं.

क्रम असा ठेवा. आधी ‘आप्ट अपडेट’. मग ‘आप्ट अपग्रेड’: ही आज्ञा गरज पडल्यास नवी पॅकेजं घेते, पण बसलेलं एकही काढत नाही, म्हणून तिच्यात धोका कमी. ती संपली की उरलेलं पाहायला ‘आप्ट फुल-अपग्रेड’. ही आज्ञा पॅकेजं काढूही शकते. तिनं दाखवलेल्या यादीतला ‘काढली जाणार’ हा भाग पूर्ण वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबायचं नाही. आप्ट ३.० तो भाग लाल रंगात दाखवतं. जुन्या लायब्ररीच्या जागी त्याच नावाची, शेवटचा आकडा वाढलेली लायब्ररी येत असेल तर ते नेहमीचंच. तुमचा डेस्कटॉप, ब्राउझर, नेटवर्क मॅनेजर किंवा तुम्ही रोज उघडता तो प्रोग्राम त्यात दिसला तर ‘एन’ दाबा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. नुसतं काय होईल ते बघायचं असेल तर आज्ञेला ‘-एस’ जोडा. काहीही न बदलता फक्त यादी मिळते.

‘-वाय’ हा पर्याय, म्हणजे सगळ्याला आपोआप होकार, सिडवर कधीही वापरू नका. आपोआप अपग्रेड करणारी सेवाही बंद ठेवा.

मोठं अपग्रेड ‘टीमक्स’मध्ये (खिडकी बंद झाली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनल सत्रात) किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मिळणाऱ्या साध्या कन्सोलवर करा. डेस्कटॉपच्या खिडकीत करत असाल आणि मध्येच ग्राफिक्सचा भाग बदलून सत्र कोसळलं, तर त्या खिडकीबरोबर आप्टही मरतं आणि पॅकेजं अर्धी उलगडलेली राहतात. तसं झालंच तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘आप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आणखी एक सवय लावून घ्या. ‘आप्ट’ ही आज्ञा पॅकेज बसवून झालं की उतरवलेली फाइल पुसून टाकते. ‘आप्ट-गेट’ ती ठेवते. मागची आवृत्ती हाताशी असावी म्हणून ‘आप्ट-गेट’ वापरा, किंवा आप्टच्या सेटिंगमध्ये ‘कीप-डाउनलोडेड-पॅकेजेस’ चालू करा. फाइली ‘व्हार’खालच्या ‘कॅश’ फोल्डरात साठतात. इंटरनेटच चालेनासं झालं, तर त्या दिवशी याचं मोल कळतं.

आप्ट अचानक अर्धा डेस्कटॉप काढायला निघालं आहे. काय बिघडलं?

बहुधा काहीच बिघडलेलं नाही. याची तीन कारणं नेहमी दिसतात, आणि ती ओळखता आली तर घाबरायला होत नाही.

पहिलं कारण काही तासांचं असतं. एकाच सोर्समधून अनेक पॅकेजं निघतात. त्यातली काही कोणत्याही प्रोसेसरवर चालणारी असतात, उदाहरणार्थ चित्रं, भाषांतरं, कागदपत्रं. काही प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी बिल्ड करावी लागतात. समजा एका प्रोग्रामचं ‘-कॉमन’ नावाचं पॅकेज नव्या आवृत्तीत आलं, पण मुख्य पॅकेज बिल्ड यंत्रावर अजून रांगेत आहे. मुख्य पॅकेजाची जुनी आवृत्ती म्हणते, ‘मला -कॉमन अगदी याच आवृत्तीचं हवं.’ आप्टला -कॉमन पुढे न्यायचं आहे, मुख्य पॅकेज मात्र जुनंच आहे, म्हणून ते मुख्य पॅकेज काढायला सुचवतं. पुढचं वेळापत्रक लागलं, म्हणजे साधारण सहा तास गेले, की दोन्ही जुळतात.

दुसरं कारण ट्रान्झिशन. एखाद्या लायब्ररीचं अंतरंग असं बदलतं की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम नव्यानं बिल्ड करावे लागतात. लहान लायब्ररीला दोन-तीन दिवस लागतात, मोठीला आठवडे. याचं सर्वांत मोठं अलीकडचं उदाहरण २०२४ चं. ३२ बिटी यंत्रांवर वेळ मोजणारा आकडा २०३८ साली संपतो. तो ६४ बिटी करायला शेकडो लायब्ररींची नावं बदलून शेवटी ‘टी६४’ लावलं गेलं. फेब्रुवारीच्या अखेरीस हे सिडमध्ये सुरू झालं आणि पुढचे काही आठवडे ६४ बिटी यंत्रांवरसुद्धा ‘फुल-अपग्रेड’ म्हणजे शेकडो पॅकेजं काढण्याचा प्रस्ताव असे. ज्यांनी या काळात फक्त ‘आप्ट अपग्रेड’ चालवलं आणि मोठं पाऊल टाळलं, त्यांची यंत्रं चालू राहिली.

तिसरं कारण स्टीम आणि वाइन वापरणाऱ्यांचं. त्यांना ६४ बिटी लायब्ररींबरोबर ३२ बिटी जोडीही लागते, आणि जोडीतल्या दोघांची आवृत्ती तंतोतंत सारखी असावी असा नियम आहे. एका बाजूचं बिल्ड मागे पडलं की दुसरी बाजूही अडते, किंवा आप्ट सगळीच ३२ बिटी पॅकेजं काढायला निघतं. इथेही उपाय तोच: थांबणं.

थांबायचं नसेल तर अडणारं पॅकेज ‘आप्ट-मार्क होल्ड’नं बांधून ठेवा आणि बाकीचं पुढे न्या. गाठ सुटली की ‘अनहोल्ड’ करायला विसरू नका. विसरलेला होल्ड सहा महिन्यांनी नवीच अडचण बनून समोर येतो. ‘आप्ट-मार्क शोहोल्ड’ यादी दाखवतं.

एखाद्या पॅकेजात गंभीर बग आहे हे बसवण्याआधी कळू शकतं का?

हो. ‘आप्ट-लिस्टबग्ज’ बसवा; सिडवर हे पहिल्या दिवशीच बसवावं असं पॅकेज आहे. अपग्रेडच्या आधी ते डेबियनच्या बगनोंदी पाहतं आणि ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ किंवा ‘सीरियस’ पातळीचं काही सापडलं तर थांबून विचारतं. बगचा मथळा वाचा. तुमच्याशी संबंध नसेल (दुसऱ्या आर्किटेक्चरवर बिल्ड होत नाही, परवान्याच्या फाइलीत त्रुटी आहे) तर पुढे जा. ‘बूट होत नाही’, ‘डेटा जातो’ असं काही असेल तर ‘पी’ दाबून पॅकेज पिन करा (आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवा) आणि अपग्रेड पुन्हा सुरू करा. बग सुटल्यावर ते रोजच्या तपासणीत पिन स्वतःच काढून टाकतं, हे ‘होल्ड’पेक्षा बरं.

जोडीला ‘आप्ट-लिस्टचेंजेस’ ठेवा. वापरकर्त्यानं काही हातानं करायचं असेल तर सांभाळणारे ते बातम्यांच्या फाइलीत लिहितात, आणि ती बातमी हे पॅकेज वेळेवर समोर आणतं.

‘ही फाइल दुसऱ्या पॅकेजातही आहे’ म्हणून बसवणं अडलं. आता?

एक फाइल अ पॅकेजातून ब पॅकेजात हलवली, पण ब नं ‘मी अ ची फाइल घेतो आहे’ हे जाहीर करायचं राहून गेलं, असं हे घडतं. चूक पॅकेजाची आहे, तुमच्या यंत्राची नाही. बग आधीच नोंदला गेला असण्याची शक्यता दाट असते. एक-दोन दिवसांत दुरुस्त पॅकेज येतं. मध्येच अडकून बाकीचं अपग्रेडही थांबलं असेल, तर त्या एका फाइलीपुरतं ‘डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट’ आणि पुढे त्या पॅकेजाच्या फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन ते बसवता येतं. मात्र आधी दोन्ही पॅकेजं एकाच सोर्समधली आहेत याची खात्री करा. वेगळ्याच दोन प्रोग्रामांनी एकच नाव वापरलं असेल तर हा उपाय एकाला मोडून ठेवतो.

कॉन्फिगरेशन फाइल ठेवू की बदलू, असा प्रश्न येतो. काय उत्तर द्यावं?

आधी ‘डी’ दाबून फरक पाहा. तुम्ही कधीच हात लावला नव्हता असं आठवत असेल तरी पाहा. नुसतं एंटर दाबलं तर तुमची जुनी फाइल राहते आणि नवी तिच्या शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपूट लावून ठेवली जाते. सवडीनं ‘ईटीसी’मध्ये अशा फाइली शोधून ताळमेळ घाला.

अपग्रेडनंतर रीबूट केलं आणि पडदा काळा. कुठून सुरुवात करू?

एन्व्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर असेल तर संशय आधी तिथेच. हा ड्रायव्हर डीकेएमएस या यंत्रणेतून प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच यंत्रावर कंपाइल होतो. कर्नल पुढे गेलं आणि ड्रायव्हरला ते अजून ओळखता आलं नाही की कंपाइल फसतं. ती ओळ अपग्रेडच्या शेकडो ओळींत वाहून जाते, आणि रीबूटनंतर मॉड्यूलच नसतं.

ग्रबच्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीचं कर्नल निवडा. चाललं, तर नवं कर्नल हेच कारण. जुनं कर्नलही नसेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा टाका आणि कंट्रोल-एक्स दाबा. यंत्र ग्राफिक्सशिवाय, अक्षरी लॉगिनपर्यंत येतं. तिथे ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. कर्नलच्या पुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज आहे का ते तपासा. हेडर्स नसणं हे सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण आहे. हेडर्स आहेत आणि तरी कंपाइल फसतं, तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवरची सही यंत्रात नोंदवलेली आहे का, हेही पाहावं लागतं.

एकदा चाललेलं कर्नल हातानं काढू नका. नवं कर्नल आठवडाभर नीट चाललं की मगच ‘आप्ट ऑटोरिमूव्ह’.

‘डिस्कवर जागा नाही’ असं कर्नल बसवताना येतं, पण डिस्क तर मोकळी आहे.

भरलंय ते बूटचं विभाजन. प्रत्येक कर्नलबरोबर एक इनिटआरडी फाइल (बूटच्या सुरुवातीला लागणारी मॉड्यूलं असलेली) तयार होते, आणि फर्मवेअरसकट ती चांगलीच फुगते. ५१२ एमबीत दोन कर्नल मावतात, तिसऱ्याला जागा उरत नाही. फाइल अर्धवट लिहिली जाते आणि पॅकेज अधांतरी राहतं. या अवस्थेत रीबूट करू नका. ‘यूनेम -आर’नं चालू कर्नल कोणतं ते पाहा, त्याहून जुनं एक काढा आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. इनिटआरडी पुन्हा बनली, हे डोळ्यांनी पाहा, मग रीबूट.

काही बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं का?

एका पॅकेजापुरतं बहुतेक वेळा जाता येतं, अख्ख्या यंत्रणेपुरतं नाही. डेबियनमध्ये पॅकेज मागे नेण्याला आधार दिलेला नाही: पुढे जाताना चालणाऱ्या स्क्रिप्टी डेटाचं स्वरूप बदलतात, आणि उलट फिरवणाऱ्या स्क्रिप्टी कोणी लिहीत नाही.

एक पॅकेज मागे न्यायचं तर जुनी फाइल कॅशमध्ये शोधा. तिथे नसेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात २००५ पासूनची पॅकेजं तारीखवार ठेवलेली आहेत. त्या तारखेचा पत्ता तात्पुरता सोर्सेसमध्ये घाला. जुन्या सूचीची मुदत संपलेली असते, म्हणून त्या नोंदीत ‘चेक-व्हॅलिड-अनटिल’ ‘नो’ ठेवावं लागतं. मग ‘आप्ट इन्स्टॉल’नंतर पॅकेजाचं नाव, बरोबरचं चिन्ह, आवृत्ती. काम झालं की तो पत्ता काढून टाका.

पूर्ण यंत्रणेसाठी बीटीआरएफएस या फाइल सिस्टमवर अपग्रेडआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद) घेणं उत्तम. इथे एक खाचखळगा आहे. बूट वेगळ्या विभाजनावर असेल तर ते स्नॅपशॉटमध्ये येत नाही. रूट कालच्या अवस्थेत नेलंत, पण बूटमध्ये आजचं कर्नल उरलं. ते सुरू होतं, आपली मॉड्यूलं शोधतं आणि कालच्या रूटमध्ये ती नसतात. कीबोर्ड किंवा वायफाय बंद, कधी डिस्कही सापडत नाही. म्हणून मागे गेल्यावर पहिल्या बूटला ग्रबमधून जुनं कर्नल निवडा, किंवा बूट फोल्डर रूटवरच ठेवा. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. घरच्या फोल्डरचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

एक्सपरिमेंटल ही आणखी पुढची शाखा आहे का?

ती पूर्ण शाखाच नाही, सिडवर टाकायची पुरवणी आहे. सोर्सेसमध्ये घातली तरी तिचं प्राधान्य १ असतं, त्यामुळे आपोआप काहीच येत नाही. हवं ते पॅकेज ‘-टी एक्सपरिमेंटल’ देऊन मागावं लागतं. एकेक पॅकेज घ्या, सरसकट नको.

स्टेबलमध्ये सिडचं एकच पॅकेज घेतलं तर?

ते पॅकेज नवी सी लायब्ररी मागतं, ती आणखी काही ओढून आणते, आणि थोड्या दिवसांत यंत्र ना स्टेबल राहतं ना सिड. पुढच्या अडचणीचं निदान मग कोणालाच नीट करता येत नाही. हे करू नका.

पायथन आणि डेटाबेसचं काय होतं?

सिडमधला मूळ पायथन एका आवृत्तीनं पुढे गेला की जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मोडतात, कारण ते त्या विशिष्ट इंटरप्रिटरला बांधलेले असतात. लागणाऱ्या पॅकेजांची यादी फाइलीत ठेवा आणि एन्व्हायर्नमेंट नव्यानं बांधा. दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जास्त काळजी हवी. नवी मुख्य आवृत्ती शेजारी बसते, पण तुमचा डेटा जुन्या क्लस्टरमध्येच असतो. जुना सर्व्हर आता ‘नको असलेला’ दिसतो आणि ‘ऑटोरिमूव्ह’ तो काढायला सुचवतं. आधी डम्प घ्या, मग ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’नं (जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर) डेटा हलवा, तपासा, आणि त्यानंतरच जुनं काढा.

फ्रीजच्या काळात सिड थंड का पडतं?

नव्या स्टेबलच्या आधी बदलांवर टप्प्याटप्प्यानं बंधनं येतात. ट्रिक्सीच्या वेळी पहिला टप्पा १५ मार्च २०२५ ला सुरू झाला, एप्रिलच्या मध्यात सॉफ्ट फ्रीज, मेच्या मध्यात हार्ड फ्रीज. टेस्टिंगला जाणाऱ्या दुरुस्त्या सिडमधूनच जातात, म्हणून सांभाळणारे या काळात मोठ्या नव्या आवृत्त्या सिडमध्ये न टाकता एक्सपरिमेंटलमध्ये ठेवतात. सिड तेव्हा वापरायला सर्वांत शांत असतं.

स्टेबल प्रकाशित झालं की उलटं होतं. अडवून ठेवलेलं सगळं एकदम येतं. नव्या माणसानं सिडवर येण्यासाठी त्यानंतरचे पहिले चार-सहा आठवडे टाळावेत.

सिडवर सुरक्षेचा धोका जास्त आहे का?

डेबियनचा सुरक्षा गट प्रामुख्यानं स्टेबलसाठी काम करतो. सिडमध्ये दुरुस्ती सांभाळणाऱ्याकडून येते. लोकप्रिय पॅकेजांना लवकर, आडवळणाच्या पॅकेजांना उशिरा.

दुसरा धोका नव्या कोडचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा (बॅकडोर) सापडला. तो सिड आणि टेस्टिंगमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. सापडला तोही सिडमुळेच: पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना सिडच्या यंत्रांवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि त्यांनी त्याचा माग काढून २९ मार्चला ते जाहीर केलं. डेबियननं जुना कोड ‘५.६.१+रियली५.४.५’ अशा विचित्र आवृत्तीनं पुन्हा आणला, कारण आकडा मागे नेला असता तर आप्टनं तो घेतलाच नसता. आवृत्तीत ‘रियली’ दिसलं की मागे फिरलेलं पॅकेज आहे असं समजावं. असा इशारा येतो त्या दिवशी मात्र थांबायचं नाही. अपग्रेड लगेच करायचं.

वर्षभर न उघडलेलं सिडचं यंत्र पुढे नेता येईल?

मधे नवं स्टेबल आलेलं नसेल तर बहुधा हो. आधी ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’, मग आप्ट आणि डीपीकेजी, मग बाकीचं. मधे एखादं स्टेबल येऊन गेलं असेल, तर जुन्या स्वरूपातून नव्यात नेणाऱ्या स्क्रिप्टी पॅकेजांतून काढून टाकलेल्या असू शकतात. तेव्हा घरचा फोल्डर सांभाळून नव्यानं बसवणं कमी वेळखाऊ.

बग कसा कळवावा?

‘रिपोर्टबग’ वापरा. ते आधीच्या नोंदी दाखवतं. त्या खरोखर वाचा, तुमचाच बग तिथे असेल तर नवी नोंद न करता त्यात भर घाला. कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होतं आणि कोणत्या आवृत्तीपासून मोडलं, हे सांभाळणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोगी पडतं. ते ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, आप्टच्या ‘हिस्टरी’ फाइलीत तारखेसह मिळतं. एका नोंदीत एकच बग. पातळी फुगवू नका: तुमचा प्रोग्राम उघडत नाही म्हणून ‘क्रिटिकल’ होत नाही. नोंद आणि तुमचा ईमेल पत्ता दोन्ही कायम जाहीर राहतात, त्यामुळे वेगळा पत्ता वापरलेला बरा.

सिड सोडून परत स्टेबलवर यायचं आहे.

घाई असेल तर बॅकअप घेऊन स्टेबल नव्यानं बसवणं हाच मार्ग. घाई नसेल तर फ्रीज लागल्यावर सोर्सेसमध्ये ‘सिड’च्या जागी येणाऱ्या स्टेबलचं टोपणनाव लिहा, ट्रिक्सीनंतरचं नाव फोर्की आहे. ‘टेस्टिंग’ हा शब्द लिहू नका, नाहीतर प्रकाशनाच्या दिवशी तुम्ही नकळत त्याच्याही पुढच्या आवृत्तीवर जाल. तुमची काही पॅकेजं सुरुवातीला टेस्टिंगच्या पुढे असतील. त्यांना हात लावू नका, येत्या आठवड्यांत टेस्टिंग त्यांना गाठतं. प्रकाशन झालं की त्याच टोपणनावाच्या सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या नोंदी परत घाला आणि टिल्ड-ओची यादी पाहून उरलेली अनाथ पॅकेजं एकेक करून काढा.